पोरगं पाचवीत, गणित दुसरीतलं : वर्गाप्रमाणे नाही, पातळीप्रमाणे शिकवण्याची गरज

वाशिम : पोरगं पन्नासची नोट घेऊन किराणा दुकानात जातं. ३२ रुपयांचा माल घेतं आणि उरलेले १८ रुपये बरोबर मोजून घरी आणतं. एक रुपया कमी आला तर दुकानदाराशी भांडतं. तेच पोरगं शाळेत फळ्यावर ५० वजा ३२ दिसलं की गप्प बसतं, नाहीतर २२ लिहून मोकळं होतं. मग गुरुजी म्हणतात 'गणितात कच्चा', घरचे म्हणतात 'याच्या डोक्यात गणित नाहीच'. दुकानातल्या हिशेबाची आठवण मात्र कोणालाच येत नाही.

हा प्रकार फक्त आपल्याच गावात नाही. नोबेल विजेते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या चमूने कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात माल विकणाऱ्या चौदाशेहून जास्त मुलांची पाहणी केली. ती २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आली. किलोचा भाव, अर्धवट वजन, सुटे पैसे असा हिशेब ही मुलं तोंडी करत होती. पण तसंच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर आलं की अडत होती. नुसती शाळेत जाणारी मुलं बाजारच्या हिशेबात अडखळत होती. म्हणजे डोकं दोघांचंही चालतं, पण बाजार आणि पाटी यांच्यामधली वाट त्यांना कोणी दाखवलेली नाही.

आकडे काय सांगतात?

'असर' नावाची पाहणी गावागावांत घरी जाऊन मुलांकडून गणित सोडवून घेते. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या तिच्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीच्या १०० पैकी साधारण ३४ मुलांनाच हातच्याची वजाबाकी जमते. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं गणित पाचवीच्या १०० पैकी ३१ मुलांना येतं. आठवीतसुद्धा हा आकडा ४६ च्या पुढे जात नाही. २०२२ पेक्षा हे आकडे थोडे सुधारले आहेत. तरी पाचवीतली १०० पैकी ६९ मुलं भागाकाराशिवाय पुढे सरकतात, ही गोष्ट लहान नाही.

अडचण अशी की पुस्तक कोणासाठी थांबत नाही. पाचवीत अपूर्णांक येतो. ज्याला वजाबाकी येत नाही त्याला भागाकार कळत नाही आणि ज्याला भागाकार कळत नाही त्याच्यासाठी अपूर्णांक म्हणजे नुसत्या रेघोट्या. रोज तासभर न कळणाऱ्या गोष्टीसमोर बसलं तर मोठ्या माणसालाही त्या गोष्टीचा राग येईल. पोरांना गणिताचा कंटाळा येतो तो इथूनच.

चूक एकच, कारणं वेगळी

५० वजा ३२ चं उत्तर २२ लिहिणारं पोरगं काय करतं ते बघा. शून्यातून दोन जात नाहीत, म्हणून ते दोनातून शून्य वजा करतं आणि दोन लिहितं. त्याला वजाबाकी येते, पण पाच म्हणजे पाच दशक हे कळलेलं नाही. त्याला शंभर गणितं घरी दिली तर शंभरही तशीच चुकतील. त्याच्या हातात तुरीच्या किंवा कशाच्याही काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे द्या आणि ३२ काड्या मागा. तीन गठ्ठे तो लगेच देईल. दोन सुट्या काड्यांसाठी त्याला एक गठ्ठा सोडावाच लागेल. उरला एक गठ्ठा आणि आठ सुट्या, म्हणजे अठरा. हातचा म्हणजे काय, हे तिथेच कळतं.

दुसऱ्या पोराची अडचण निराळी असते. 'पंचवीस' म्हटलं की ते ५२ लिहितं. मराठीत आपण आधी पाच आणि मग वीस म्हणतो, लिहिताना मात्र आधी दोन येतात. 'एकोणतीस' म्हणताना तर तोंडात तीस येतं आणि लिहायचे असतात २९. याच अडचणीवर उपाय म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचायची पद्धतही दिली होती. गणितज्ञ मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या प्रमुख होत्या. त्यावर राज्यभर वाद झाला. पद्धत कोणाला पटो ना पटो, अडचण खरीच आहे. मानोऱ्याकडच्या तांड्यावर घरात गोरमाटी बोलणाऱ्या पोराला तर ती जास्तच जाणवणार.

दोघांच्याही वहीत लाल फुलीच येते, पण इलाज वेगळा लागतो. ज्याची अडचण त्याप्रमाणे मदत म्हणतात ती हीच.

मुंबईत झालेला प्रयोग

यासाठी फार पैसा किंवा मोठी यंत्रं लागतात असं नाही. 'प्रथम' संस्थेने मुंबईच्या महापालिका शाळांत 'बालसखी' उपक्रम चालवला. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी, तिला सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५-२० मुलं ती रोज दोन तास वेगळी बसवायची आणि त्यांना जिथे अडलं तिथून शिकवायची. मुंबई आणि बडोद्यात या कामाची रीतसर तपासणी झाली आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. मुलं पुढे सरकली होती आणि सगळ्यात मागे असलेल्यांना जास्त फायदा झाला होता.

बडोद्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले गेले. एका संगणकावर दोघं बसायचे आणि ज्याला जेवढं जमेल तेवढं गणित अवघड होत जायचं. त्यानेही गणित चांगलंच सुधारलं. पण उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला. चार महिन्यांची मोहीम काढून फोटो काढणाऱ्या सगळ्यांनीच हे ध्यानात ठेवायला हवं.

वाशिमला घाई का?

केंद्राने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद यांच्यासोबत वाशिमचं नाव आलं. या कार्यक्रमात शिक्षणाला ३० टक्के वजन आहे. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या 'निपुण भारत'ने २०२६-२७ पर्यंत तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि मूलभूत गणित यावं, असं ठरवलं. राज्यानेही मार्च २०२५ मध्ये दुसरी ते पाचवीसाठी 'निपुण महाराष्ट्र' कृती कार्यक्रम काढला. त्यात मुलाची पातळी तपासून शिकवण्यावर भर होता.

दुसरीकडे डोक्यावर परीक्षाही आली आहे. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर जादा मार्गदर्शन आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा, त्यातही गेलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. दुसरीत अडलेलं पोरगं पाचवीत पकडलं जाणार आणि दोष त्याच्यावरच येणार. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरातलं पोर वर्षातले महिने बाहेर असतं, त्याला हा फटका आधी बसतो.

सगळं शिक्षकांवर ढकलूनही चालणार नाही. कायद्याप्रमाणे ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे दोघांत चार वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरणं आणि बाकीची कामं. अशा शाळेत रोज एक तास पहिली-दुसरी-तिसरी-चौथी हे विसरून मुलांचे पातळीप्रमाणे गट केले तर काम सोपं होतं. वर्ग एकत्र बसतातच, फक्त गट वयाऐवजी अडचणीवर करायचे.

गावाला काय करता येईल?

पहिलं, घरीच तपासा. पोराला ५० वजा ३२ तोंडी विचारा, मग कागदावर सोडवायला सांगा. उत्तर चुकलं तर रागावू नका, 'कसं केलं?' एवढंच विचारा. चूक कुठे आहे ते पोरगं स्वतःच सांगतं.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. बैठकीत रंगरंगोटी आणि खिचडीसोबत 'किती मुलांना हातच्याची वजाबाकी येते?' हा प्रश्नही विचारा. दर महिन्याला विचारा.

तिसरं, गावात बारावी झालेल्या, कॉलेजला जाणाऱ्या मुली आहेत. संध्याकाळी मंदिरात किंवा समाजमंदिरात तासभर दहा पोरं घेऊन बसायला त्यांना सांगता येईल. ग्रामपंचायतीने थोडं मानधन दिलं तर काम टिकेल.

चौथं, मोबाईल. 'असर'च्या त्याच पाहणीत १४ ते १६ वयाची १०० पैकी ८२ मुलं स्मार्टफोन वापरू शकतात असं दिसलं. आठवडाभरात अभ्यासासाठी वापरणारी ५७ होती, समाजमाध्यमांसाठी ७६. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' अ‍ॅपने स्कॅन केला की त्या धड्याची मदत फुकट मिळते. पण पोराच्या हातात फोन देऊन निघून जाऊ नका, दहा मिनिटं शेजारी बसा.

आजी-आजोबांनाही यात घ्या. पावकी, निमकी, दीडकी पाठ असलेली माणसं अजून गावात आहेत. सोयाबीनचे कट्टे मोजताना पोराला जवळ उभं करा, हिशेब त्याला करू द्या आणि नंतर तोच हिशेब वहीत लिहून घ्या. दुकानात १८ रुपये बरोबर आणणाऱ्या पोराला वहीतही १८ लिहिता यायला हवं. ते पाचवीच्या परीक्षेआधी होतं की नंतर, हे गावाने आणि शाळेने आत्ता काय केलं त्यावर ठरेल.