कांदा, वाद आणि मंद आच

मराठी घरात राजकारणावरून वाद घालायला पक्ष लागत नाही, कांदा पुरतो. आमच्या सौभाग्यवती ठाण्यात कांदा विकत घेतात आणि त्यांचे थोरले बंधू निफाड तालुक्यात तो पिकवतात. भाव चढला की बहीण सरकारवर चिडते, पडला की भाऊ. सरकार कोणाचंही असो, आमच्या घरात विरोधी पक्ष कायम!

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या काळातला हा फोनवरचा संवाद :

"दादा, तुझ्या कांद्याला सोन्याचा भाव आला तर आम्ही खायचं काय?"

"अगं, तुझ्या कोशिंबिरीपायी मी किती वर्षं तोटा सोसायचा?"

दोघंही खरं बोलत होती, हीच तर पंचाईत! १९९८ साली दिल्लीत भाजपचं सरकार पडलं, त्यात महाग कांद्याचा मोठा हात होता. तेव्हापासून सगळेच पक्ष गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतल्या पाण्याला भितात. शेतकऱ्याच्या पाण्याला तितके भीत नाहीत, असं माझं मत आहे. (हे मत मी घरात हळू आवाजात मांडतो.)

अशा वेळी मला कढई आठवते. कांद्यात बहुतेक पाणीच असतं. ते आटेपर्यंत कांदा शंभर अंशांच्या आसपासच राहतो आणि नुसता शिजतो. पुढे उष्णता १४० अंशांच्या घरात गेली की साखर आणि अमिनो आम्लं यांची गाठ पडून तांबूस रंग येतो, घमघमाट सुटतो. मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही क्रिया मांडली. अमेरिकेतलं न्याहारीचं बेकन खरपूस होतं, तेही तिच्यामुळेच. आच मोठी केली तर कडा करपतात आणि आत कच्चं राहतं. झाकण ठेवलं तर वाफ कोंडते आणि रंग चढत नाही.

टीव्हीवरच्या चर्चा मोठ्या आचेच्या. "घरात राजकारण नको" म्हणणारे झाकणवाले. वाचकहो, राजकारणावरून सख्ख्या भावंडांचे फोन बंद झालेली घरं आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत. त्यांतली काही करपली, काही कोंडून गेली. वाद जरूर घालावा. पण झाकण काढून, मंद आचेवर, दुसऱ्याचं पाणी आटेपर्यंत ऐकून घेत. वेळ लागतो खरा. पण आज रविवार आहे, घाई कुणाला?