प्रश्नाला बसायला जागा

देवाधर्माच्या गोष्टी कुठे बोलाव्यात आणि कुठे बोलू नयेत, याचे आपल्या मनात ठरलेले कप्पे असतात. देवळात बोलाव्यात, चर्चमध्ये बोलाव्यात, घरी देव्हाऱ्यापाशी किंवा आल्टरपाशी बोलाव्यात. फार तर कीर्तनाच्या मांडवात. दारू मिळते तिथे मात्र नाहीच नाही. माझेही मत असेच होते. मी वसईकडचा कॅथलिक. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालो, आणि नोकरीच्या काळात पंचवीसेक वर्षे दर रविवारी मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातल्या मुलांना धर्मशिक्षणही दिले. त्यामुळे २०१७ च्या उन्हाळ्यात शिकागोला लेकीकडे गेलो असताना ती म्हणाली, "पप्पा, उद्या संध्याकाळी एका फादरांचं बोलणं ऐकायला जायचंय, पण ते बारमध्ये आहे," तेव्हा मला ती थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती. 'थिऑलॉजी ऑन टॅप' असे त्या उपक्रमाचे नाव. टॅप म्हणजे तोटी. तिकडच्या बारमध्ये पिंपातली बीअर तोटीतून ग्लासात येते, त्यावरून हे नाव पडले. तोटीवरचे ईशज्ञान म्हणा ना! नावात खोडकरपणा असला तरी उपक्रम गंभीर आहे. १९८१ साली शिकागोच्या महाधर्मप्रांतात फादर जॉन कुसिक आणि फादर जॅक वॉल यांनी विशी-तिशीतल्या तरुणांसाठी तो सुरू केला. ज्या शहराचे नाव आपल्याला १८९३ च्या सर्वधर्मपरिषदेमुळे आणि स्वामी विवेकानंदांमुळे ठाऊक आहे, तेच हे शहर. रीत अगदी साधी. उन्हाळ्यात काही आठवडे, आठवड्यातून एक संध्याकाळ. अर्ध्या तासाचे बोलणे, मग प्रश्न, मग गप्पा. कुठे चर्चच्या सभागृहात, कुठे अंगणात, तर कुठे खरोखरीच्या बारमध्ये. पुढे हा उपक्रम अमेरिकेतल्या इतर शहरांत गेला, देशाबाहेरही गेला.

असे काही करावेसे का वाटले असेल? कारण उघड आहे. चर्चपासून दूर जाणारा तरुण बहुधा भांडून जात नाही. शिक्षण संपते, गाव सुटते, नोकरी लागते, आणि रविवार मोकळा होतो. आईवडिलांचे चर्च मागे पडलेले असते आणि स्वतःचा संसार अजून थाटलेला नसतो. लहान मुलांसाठी धर्मशिक्षण असते, जोडप्यांसाठी शिबिरे असतात, म्हाताऱ्यांसाठी जपमाळ असते. मधल्या दहा वर्षांसाठी काहीच नसते. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसले, की त्या देशात नव्याने कॅथलिक होणाऱ्या प्रत्येक माणसामागे कॅथलिक धर्म सोडणारे सहाहून अधिक आहेत. हा आकडा वाचून कोणत्याही आईबापाच्या पोटात कालवाकालव होईल. माझ्या तर होणारच, कारण त्या सहांपैकी एक माझ्याच घरातली होती.

माझ्या मुलीने चर्चला जाणे सोडले होते. परदेशी गेली आणि बिघडली, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. अमेरिकेला दोष देणे सोपे होते.

तर आम्ही त्या बारमध्ये गेलो. मागच्या बाजूला विटांच्या भिंतींची एक लांबट खोली होती. तीस-पस्तीस तरुण मुले-मुली, बहुतेक कामावरून थेट आलेली. कुणाच्या हातात बीअर, कुणाच्या हातात सोडा. पुढच्या खोलीत टीव्हीवर बेसबॉल चालू होते. साठीचे एक फादर उंच स्टुलावर बसले आणि प्रार्थना या विषयावर बोलले. बोलणे बरे होते. आमच्याकडेही असे बोलणारे फादर पुष्कळ आहेत. मी मनात म्हटले, एवढ्यासाठी बार कशाला?

मग प्रश्न सुरू झाले. दोन-तीन प्रश्न झाल्यावर माझी मुलगी उभी राहिली. माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हणाली, "मी पंधरा वर्षांची असताना माझा मावसभाऊ आजारी पडला. आम्ही घरच्यांनी नऊ दिवस नोव्हेना केली. दहाव्या दिवशी तो गेला. आम्ही कोणाशी बोलत होतो?"

माझ्या अंगावर काटा आला. कारण हा प्रश्न मी आधी ऐकला होता. त्या पावसाळ्यात, अंत्यविधीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, माझ्याच वर्गात, माझ्याच मुलीने तो विचारला होता. तेव्हा मी म्हणालो होतो, "देवाला जाब विचारायचा नसतो. खाली बस." ती बसली होती. पुढची तीन वर्षे ती नियमाने वर्गाला आली, मिस्साला आली, आणि तिने पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. मी तिला शहाणी झाली असे समजत होतो.

फादर लगेच बोलले नाहीत. त्यांनी आधी विचारले, "त्याचं नाव काय होतं?" तिने नाव सांगितले. मग ते म्हणाले, "माझ्याकडे उत्तर नाही. जो पटकन उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. येशूनेसुद्धा क्रुसावरून 'का?' असं विचारलं होतं, आणि त्या घटकेला त्यालाही वरून उत्तर आलं नाही. तुम्ही त्याच्याच रांगेत उभ्या आहात, एवढंच मी सांगू शकतो." खोली शांत झाली होती. शेजारच्या मुलीने माझ्या लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

परतीच्या गाडीत आम्ही दोघे त्या मुलाविषयी बोललो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला पण उत्तर माहीत नव्हतं, एवढं सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

वसईला परतल्यावर मी जुनी पुस्तके काढून बसलो. विश्वासाची चर्चा चर्चच्या भिंतीबाहेर नेणे हा अमेरिकी चाळा आहे, ही माझी समजूत तिथे पार ढासळली. सोळाव्या शतकात रोममध्ये फिलिप नेरी हे संत होऊन गेले. त्यांच्या राहत्या खोलीत दुपारी तरुण जमायचे. थोडे वाचन, मोकळी चर्चा, गाणी. कधी सगळ्यांना घेऊन ते रोममधल्या सात चर्चांची पायी यात्रा करायचे आणि वाटेत एखाद्या बागेत शिदोरी सोडायचे. हा माणूस नवा पंथ काढतो आहे, अशी कुजबुज झाली, वरपर्यंत तक्रारी गेल्या. पुढे १५७५ साली पोप तेराव्या ग्रेगरींनी त्यांच्या मंडळाला मान्यता दिली. पाश्चात्त्य संगीतातल्या 'ऑरेटोरिओ' या प्रकाराचे नाव त्यांच्या त्या बैठकीच्या जागेवरून आले आहे. गंमत म्हणजे फ्रान्सिस झेवियर यांची हिंदुस्थानातून आलेली पत्रे वाचून नेरींनाही इकडे यावेसे वाटले होते. तेव्हा एका संन्याशाने त्यांना सांगितले, की तुझा हिंदुस्थान रोममध्येच आहे. १६२२ साली दोघांना एकाच दिवशी संतपद जाहीर झाले. आणि ज्यांची ती पत्रे, ते झेवियर तरी १५४२ साली गोव्यात उतरल्यावर काय करीत होते? हातात घंटा घेऊन रस्त्यातून मुलांना हाका मारीत होते.

आपल्या मराठीचा तर याहून मोठा पुरावा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले. त्याच्या आरंभीच एक श्रोता पाद्री-गुरूंना सवाल करतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काही का दिले नाही? सवालात तक्रार आहे. गुरू त्याला 'खाली बस' म्हणत नाहीत. हजारो ओव्यांचे ते पुराण त्या सवालाला धरूनच पुढे जाते. हे पुस्तक माझ्या कपाटात होते, आणि मी वर्गात मुलीला गप्प करीत होतो!

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप दारूचा, आणि तो मला मान्य आहे. हिंदी सिनेमाने ख्रिस्ती माणसाच्या हातात कायमची बाटली देऊन ठेवली आहे; ती थट्टा आम्ही पुष्कळ सोसली. आमच्या गावांत दारूने मोडलेले संसारही मी पाहिले आहेत. जो माणूस मोठ्या कष्टाने दारूपासून सुटला आहे, त्याला देवाच्या नावाने बारमध्ये कसे बोलवायचे? ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याने काय करायचे? म्हणून हा उपक्रम जसाच्या तसा उचलून इथे आणावा, असे मी मुळीच म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप असा, की गप्पा मारून श्रद्धा पातळ होते. याचे उत्तर शिकागोकरांनीच दिले आहे. तिथे या उन्हाळी मालिकेची सांगता आर्चबिशपांसोबतच्या मिस्साने आणि सहभोजनाने करण्याची प्रथा पडली. गप्पा मिस्साच्या जागी नव्हत्या. मिस्सापर्यंत पुन्हा चालत येण्याची ती एक वाट होती. कुणी त्या वाटेने आला, कुणी नाही आला.

खरे तर तोटी महत्त्वाची नाही. महत्त्वाचे आहे ते बरोबरीने बसणे. वेदीवरून फादर बोलतात तेव्हा आपण ऐकतो; मध्येच हात वर करायची तिथे सोय नाही, आणि नसावीही. पण मग हात वर करायची सोय दुसरीकडे कुठेतरी हवी. आमच्याकडे ती होती. गावच्या क्रुसापुढे संध्याकाळी प्रार्थना झाली, की उकडलेले चणे वाटायचे. चणे खात माणसे तासभर तिथेच रेंगाळायची. त्या तासात धर्माचे, पिकाचे, आजारपणाचे सगळे बोलणे व्हायचे. आता प्रार्थना होते, चणे पिशवीत मिळतात आणि माणसे घरी जातात.

हे फक्त आम्हा कॅथलिकांचे दुखणे नाही. कोणत्याही धर्माच्या घरात एक मूल कधीतरी विचारते, की आजी एवढे उपास करायची, मग तिलाच का असे झाले? आपण दूध उतू जाते आहे म्हणून उठतो. प्रश्न विझत नाही, तो फक्त आपल्याकडे यायचा थांबतो.

गेली काही वर्षे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर चहा असतो. धर्मग्रामातली कॉलेजची मुले येतात. कधी सात-आठ, कधी दोनच. एकदा कुणीच आले नाही, तेव्हा मी आणि माझी पत्नी चहा पीत बसलो. फादर सवड मिळाली तर येतात. बरेच प्रश्न असे असतात, की मला 'माहीत नाही' म्हणावे लागते. हे दोन शब्द मला वर्गात कधी जमले नव्हते.

मुलगी अजून दर रविवारी चर्चला जात नाही. नाताळला जाते, भावाच्या वर्षदिनाला मेणबत्ती लावते. मी विचारणे सोडले आहे. पण फोनवर ती हल्ली विचारते, "या शनिवारी कोण आलं होतं? काय विचारलं त्यांनी?" मी सांगतो. मग ती म्हणते, "आणि तुम्ही काय म्हणालात, पप्पा?"