पाहणे हेही श्रमच

लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये १९४८ साली एस्थर बिक यांनी बालमानसोपचाराच्या विद्यार्थ्यांसाठी एक वेगळाच अभ्यास सुरू केला. विद्यार्थ्याने दर आठवड्याला एक तास एकाच तान्ह्या बाळाच्या घरी जायचे. हा क्रम दोन वर्षे चालवायचा. तेथे सल्ला द्यायचा नाही, टिपणही घ्यायचे नाही. माता आणि मूल यांच्यात काय घडते ते केवळ पाहायचे. नोंद मागाहून लिहायची व छोट्या गटात तिची चर्चा करायची. निष्कर्षाची घाई आवरण्याचेच हे शिक्षण होते.

अशा पाहण्याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे श्रम. भारतात तान्ह्या बाळाच्या घरी जाते ती आशा कार्यकर्ती. २०११ च्या योजनेने तिच्यासाठी ४२ दिवसांत सहा-सात भेटी, वजन-तापाच्या नोंदी आणि सर्व भेटींपोटी २५० रुपये ठरविले. वजनाचा आकडा तक्त्यात बसतो; बाळाला पाजताना शून्यात पाहणारी आई बसत नाही. ती दिसण्यासाठी घटकाभर थांबावे लागते. थांबण्याचे शिक्षण आणि थांबण्याचे वेतन या दोन्ही मागण्या आशांच्या लढ्याला पाठिंबा देणाऱ्यांनी एकत्रच मांडल्या पाहिजेत.