तबकडीची मागची बाजू
१९४७ सालची अमेरिका. युद्ध संपलेलं, मोठमोठे बँड खर्च झेपेना म्हणून मोडत चाललेले. अशात नॅशव्हिलच्या हॉटेलात वाजवणाऱ्या फ्रान्सिस क्रेगनं ‘बुलेट’ या छोट्या कंपनीसाठी तबकडी काढली. मुख्य गाणं ‘रेड रोज’, मागच्या बाजूला ‘नियर यू’. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटून लावली आणि ‘नियर यू’ ‘बिलबोर्ड’च्या रेडिओ यादीत सलग १७ आठवडे पहिलं!

मी दिवसभर कोड लिहितो, तरी म्हणतो: आमच्या ॲपला मागची बाजूच नाही. आवडलेलंच पुन्हा वाढतं, आग्रहानं.

रविवारी आजोबांच्या तबकड्या काढल्या. सगळ्या एका बाजूनं झिजलेल्या. एकीची मागची बाजू मात्र नव्यासारखी चकचकीत. तीच आधी लावली.