परक्या ओसरीवरची ओळख

२००४ साली गूगलने सुरू केलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. भारतातील एका पिढीला महाजालाची गोडी लावणारे हे संकेतस्थळ. कंपनीने तीन महिने आधी सूचना दिली, मजकूर व छायाचित्रे उतरवून घेण्याची सोयही ठेवली. सारे नियमाला धरून झाले. पण ज्या पत्त्यावर माणसे परस्परांना ओळखत होती, तो पत्ताच उरला नाही. त्याआधी २००९ मध्ये याहूने जिओसिटीज मोडीत काढले होते. २०१९ मध्ये गूगल प्लसही गेले. घर पाडायचे ठरले की भाडेकरूचे ऐकतो कोण? येथे तर मालकाने भाडेही घेतलेले नव्हते!

तरीही आपली मंडळे, ग्रंथालये, लेखक, लहान उद्योजक आपली सारी ओळख फेसबुकसारख्या परक्या ओसरीवर मांडून बसले आहेत. उद्या खाते बंद झाले, तर दाद कोणाकडे मागणार? या माध्यमांवर बहिष्कार घालावा, असे मुळीच नव्हे. चौकात गेल्याखेरीज माणसे भेटत नाहीत. मात्र चौकात भेटलेल्याला घरचा पत्ता देता आला पाहिजे.

हा पत्ता म्हणजे स्वतःचे डोमेन. ‘डॉट इन’ची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया पाहते, २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही उपलब्ध आहे. संकेतस्थळ आज एका कंपनीच्या संगणकावर असेल, उद्या दुसरीकडे हलवता येते. पत्ता बदलत नाही. ईमेलही त्याच नावाने चालतो.

अर्थात डोमेन म्हणजे सातबारा नव्हे. तो मुदतीचा पट्टा आहे. नूतनीकरण चुकले, तर तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. संस्थांमध्ये गफलत होते ती येथेच. एखादा उत्साही तरुण संकेतस्थळ उभारून देतो, नोंदणी स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्याच ईमेलवर करतो. त्याचा हेतू निर्मळ असतो. पुढे तो नोकरीसाठी परगावी जातो, मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहतात आणि एके दिवशी संस्थेच्या नावाखाली भलतीच जाहिरात झळकते.

नोंदणी कोणाच्या नावावर आहे, सूचना कोणाकडे येतात, मुदत कधी संपते, हे कार्यवाहांनी आजच पाहून घ्यावे. नोंदणी एका वेळी १० वर्षांपर्यंत करता येते.