गूळ, हिरवा चारा आणि घोड्याची टाप

पांजरपोळात गाईगुरांच्या शेजारी कधी कधी एखादे म्हातारे तट्टूही दिसते. आयुष्यभर ओझे वाहून ते आता विसावलेले असते. वाढदिवसाला किंवा पुण्यतिथीला श्रद्धेने आलेले कुटुंब त्याच्यापुढे गूळ, पोळी, भिजवलेले हरभरे धरते. तट्टू आवडीने खाते, मुले हरखतात. परंतु हाच प्रेमाचा घास त्याच्या पायांत असह्य वेदना निर्माण करू शकतो, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

घोड्याच्या खुराचे कवच आणि आतील हाड यांना नाजूक पापुद्र्यांची जोडणी असते. शरीराचा भार तिच्यावरच तोललेला असतो. या पापुद्र्यांचा दाह म्हणजे लॅमिनायटिस. जोडणी सैल झाली की हाड कलते अथवा खाली खचते आणि प्रत्येक पाऊल यातनामय होते. तट्टू मुळात काटक, थोड्या चाऱ्यावर तगणारे. साखर व पिष्ट अधिक झाले की त्याच्या रक्तातील इन्शुलिन वाढते आणि खूर बिघडतात. पंधरा वर्षांपुढील घोड्यांत पीयूष ग्रंथीच्या विकारामुळेही हा धोका संभवतो. उन्हाळ्यातही न झडणारे लांब, कुरळे केस ही त्याची ठळक खूण. रक्ततपासणीने निदान होते व औषधही उपलब्ध आहे.

पावसानंतरचे कोवळे गवत अशा प्राण्याला बेताने द्यावे. उन्हात गवतात साखर साठत जाते. दुपार कलताना ती सर्वाधिक, तर पहाटे बहुधा सर्वांत कमी असते. म्हणून भल्या पहाटे थोडा वेळ चारून त्याला आत घ्यावे. वाळलेले गवत तासभर पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास बरीच साखर निघून जाते. मात्र भिजलेले गवत उकाड्यात लवकर आंबते, ते लगेच खाऊ घालावे. स्थूल तट्टूला रोज वजनाच्या सुमारे दीड टक्का कोरडा चारा पुरतो. २५० किलोच्या तट्टूला पावणेचार किलो. उपवास माणसाने स्वेच्छेने करावा. तट्टूला तो घडवू नये. उपाशी तट्टूच्या रक्तात चरबी उतरून ते दगावू शकते.

नालबंदाने दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासावेत. पुढचे पाय पुढे ताणून मागच्या पायांवर भार देणे, वळताना अडखळणे, खूर गरम लागणे, खुरावरील नाडी जोरात उडणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकांना बोलवावे. तोवर त्याला चालवू नये. पायांखाली मऊ, जाड अंथरूण घालावे आणि खूर बर्फाच्या पाण्याने थंड ठेवावेत.

पुढच्या भेटीत गुळाची ढेप नेण्यापूर्वी व्यवस्थापकांना एकच प्रश्न विचारावा : येथील घोड्यांना काय चालते? कदाचित उत्तर येईल, कोरड्या गवताच्या चार पेंढ्या किंवा नालबंदाच्या एका फेरीचा खर्च. त्या दानाने तट्टूच्या तोंडाला गोडी येणार नाही. पण ते न लंगडता चार पावले चालेल. मुक्या जिवाला याहून मोठे सुख कोणते?