चौथा विषय कोणता?

मैत्रिणींनो, आज एक कबुली द्यायची आहे. दहावीचे पेढे वाटून होतात न होतात तोच घरोघरी दाखले आणि गुणपत्रिकांची धांदल उडते. त्या गडबडीत ‘पोरीला सायन्सला घातली’ एवढं सांगून आपण मोकळ्या होतो. पण सायन्स म्हणजे एकच वाट नव्हे, तिला आत शिरल्यावर फाटे फुटतात, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

2022 साली जाऊबाईंची थोरली दहावी झाली. जाऊबाई म्हणाल्या, “तू शाळेत शिकवतेस, तूच सांग काय घ्यायचं ते.” आता मी बी. ए. झालेली, अर्धा दिवस मराठी शिकवणारी. माझा विज्ञानाशी संबंध इडलीचं पीठ फुगण्यापुरता! पण ‘मला माहीत नाही’ म्हणायला जीभ वळेना. इलेक्ट्रॉनिक्सला मार्क भरपूर पडतात असं शिक्षकांच्या खोलीत कानावर आलेलं होतं. ऐटीत सांगून टाकलं, “बायफोकल घेऊ दे. जीवशास्त्राची घोकंपट्टी हवी कशाला?” पोरगी गप्प बसली. तिला कुणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही.

हिशेब असा असतो. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीला सहाशे गुण. इंग्रजी सक्तीचं, एक दुसरी भाषा, आणि बहुतेक मुलं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र हे चार विषय घेतात. बायफोकल विषय एकटाच 200 गुणांचा. तो घेतला की दुसरी भाषा सुटते आणि या चारांतला एक सुटतो, बहुधा जीवशास्त्र. इलेक्ट्रॉनिक्सचे 200 पैकी 100 गुण प्रात्यक्षिकाचे, म्हणून मार्क हाती लागतात. ज्याला इंजिनिअरिंगलाच जायचंय त्याला हे सोयीचं आहे, त्यात वाईट काही नाही.

पण बारावीच्या वर्षी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. पंधरा दिवस दवाखान्यात रात्री थोरलीच राहिली. तिथल्या सिस्टर म्हाताऱ्या माणसाला न दुखवता कूस कशी बदलून देतात, हे ती शिकून घेतली आणि घरी आल्यावर आम्हा दोघींना तिनं ते शिकवलं. निकालानंतर म्हणाली, “काकू, मला नर्सिंगला जायचंय.” फॉर्म बघितला. बी. एस्सी. नर्सिंगला बारावीत जीवशास्त्र हवंच! जाऊबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी ती जी. एन. एम.ला गेली. तो तीन वर्षांचा डिप्लोमा, त्याला जीवशास्त्राची अट आडवी आली नाही. पुढे पदवी हवी तर आणखी दोन वर्षं. चार वर्षांचं काम पाच वर्षांवर गेलं. ती आनंदात आहे, पण माझ्या मनातून ते जात नाही.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी एवढं बघाच. जीवशास्त्र सोडलं की नर्सिंगच्या पदवीची आणि डॉक्टरकीची वाट अडते. नीटच्या 720 गुणांपैकी 360 एकट्या जीवशास्त्राचे असतात. गणित सोडलं तर इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर गेलं. खडकवासल्याच्या एनडीएत 2022 पासून मुलीही दाखल होताहेत, पण तिथे नौदल नि हवाई दलासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित तिन्ही लागतात. फार्मसीला मात्र गणित किंवा जीवशास्त्र, कुठलंही चालतं. आपल्या राज्याच्या सीईटीतही त्यासाठी दोन वेगळे गट आहेत.

मुलीचं मन ठरलेलं नसेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावं, असं मी म्हणेन. ओझं होतं, खोटं कशाला बोलू! पण दहावीला गणितानं रडवलेलं असेल तर तिला उगाच त्यात ढकलू नका. शेजारणीच्या मुलानं दोन्ही घेतलं म्हणून तर मुळीच नाही. (मार्कांसाठी मराठी सोडून आय. टी. घेणारी मुलं बघते तेव्हा मला वाईट वाटतं. पण माझं पोट त्यावरच चालतं, म्हणून माझं मत बाजूला ठेवा!)

आणि कॉलेजात स्वतः जाऊन या. प्रयोगशाळा उघडी असते का, प्रात्यक्षिकं दर आठवड्याला होतात का, हे वरच्या वर्गातल्या मुलींना विचारा, त्या खरं सांगतात. भौतिक, रसायन, जीवशास्त्र तिन्हीत 30 गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. नुसती हजेरी लावून बाहेरच्या क्लासला पाठवणारी कॉलेजंही असतात. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे घरबसल्या बटण दाबलं की झालं असं वाटतं. तसं करू नका.

थोरली चुकीची वाकली नव्हती, वाकवली मी होती. यंदा धाकटीची दहावी झाली. जाऊबाईंनी पुन्हा माझ्याचकडे पाहिलं. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सगळे विषय लिहिले, कुठला सोडला तर काय अडतं ते समोर लिहिलं, आणि पेन्सिल धाकटीच्या हातात दिली. तिनं दोन दिवस घेतले. थोरलीला फोन करून तासभर बोलत बसली. तिसऱ्या दिवशी गणितावर काट मारून जीवशास्त्राखाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाली, “काकू, भूगोल घेतला तर चालतो का गं सायन्सला?”

चालतो. पण तो शिकवणारं कॉलेज आमच्या गावात आहे का, ते बघायला आम्ही तिघी सोमवारी निघणार आहोत.